तेहतीस अंशांवरचे वाचक

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्या आठवड्यात फ्रिस्कोतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत त्यांचं एकच पुस्तक कपाटातून खाली उतरलं: ‘आकाशाशी जडले नाते’. कुणी ते नव्याने वाचायला घेतलं, कुणी आपली प्रत कुणाकडे गेली ते आठवू लागलं. खगोलशास्त्राची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाबद्दल इथले वाचक गेली वीस-पंचवीस वर्षं बोलत आले आहेत. त्यांची मतं आकाशाबरोबर, वयाबरोबर आणि गावाबरोबर बदलत गेली, आणि तो बदल नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

फ्रिस्को टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. २००० साली इथली लोकसंख्या ३३,७१४ होती, २०१० मध्ये १,१६,९८९ झाली आणि २०२० मध्ये दोन लाखांच्या पुढे गेली. या वाढीतच मराठी कुटुंबं आली, बहुतेक सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांवर. बॅगेत तेवीस किलोंच्या हिशेबात जी थोडी पुस्तकं बसली, त्यांत राजहंस प्रकाशनाचं हे पुस्तक अनेकांनी आणलं. जाडजूड असूनही आणलं, ही त्याला मिळालेली पहिली पावती.

सुरुवातीची मतं तरुण इंजिनिअरांची होती आणि ती एकमुखी होती. गणिताचं ओझं न लादता हा माणूस वाचकाला शहाणा समजून बोलतो, असं सगळे सांगत. प्राचीन कल्पनांपासून सूर्यमाला, ताऱ्यांचं आयुष्य, दीर्घिका आणि विश्वरचनेपर्यंतचा प्रवास त्यांना एका दमात करता आला. या पिढीला नारळीकर पुस्तकाआधी पत्रांतून माहीत होते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आणि ते खरंच उत्तर पाठवत. पुस्तकातला सूर त्या पोस्टकार्डाचाच आहे, हे मत मला आजही सगळ्यात नेमकं वाटतं.

तक्रारी आल्या त्या पुस्तक घेऊन लोक अंगणात गेल्यावर. ‘नाते’ हे आकाश समजावून देणारं पुस्तक. कोणता तारा कुठे पाहायचा यासाठी सोबत लागतात नकाशे, आणि मराठीतले नकाशे महाराष्ट्राच्या आकाशाचे. गो. रा. परांजप्यांचा ‘आकाशदर्शन ॲटलास’ असो वा वर्तमानपत्रातला महिन्याचा नकाशा, तो १८-१९ अक्षांशांवरच्या वाचकाला धरून असणार. फ्रिस्को ३३ अंशांवर आहे. पुण्यात साडेअठरा अंशांवर दिसणारा ध्रुव इथे तेहतीस अंशांवर चढलेला असतो. नवखा माणूस तो खाली क्षितिजाजवळ शोधत बसतो. पुण्याच्या हिवाळी आकाशात दक्षिणेला सहज सापडणारा अगस्त्य इथे क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर येतो, म्हणजे समोरच्या घराचं छप्पर त्याला गिळतं. त्रिशंकू तर उगवतच नाही. मित्र, उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांतला सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा, तोही नाही. कोकणात मे महिन्यात त्रिशंकू दाखवणाऱ्या आजोबांची नातवंडं इथे वाढताहेत आणि त्यांना तो दाखवायला दक्षिणेकडे प्रवास करावा लागेल.

वेळेचाही घोळ होतो. फ्रिस्कोत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमारास. महाराष्ट्राच्या घड्याळाप्रमाणे काढलेल्या नकाशाच्या वेळेत इथे जवळजवळ एक तास मिळवावा लागतो. हे कुठेच लिहिलेलं नसतं. नकाशा चुकीचा आहे, अशी समजूत करून घेऊन छंद सोडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. नकाशा बरोबर होता, फक्त तो दुसऱ्या गावचा होता.

मिळालेलंही सांगितलं पाहिजे. अभिजित इथे उन्हाळ्यात जवळजवळ माथ्यावरून जातो. शर्मिष्ठेचे पाचपैकी चार ठळक तारे कधी मावळत नाहीत. हे ज्यांनी स्वतः शोधलं, त्यांचं पुस्तकाबद्दलचं मतही बदललं. नकाशा जुळत नाही तेव्हा पृथ्वी गोल आहे, हे पानांतून उठून डोळ्यांसमोर येतं. अक्षांशाचा तास शाळेत झाला होता, तो इथे कळला, असं बरेच जण म्हणतात.

आकाशगंगेबद्दल मात्र कुणाचंच समाधान झालं नाही. पुस्तक वाचून मुलं विचारतात तो पट्टा कुठे आहे, आणि गावातले दिवे वर्षागणिक वाढताहेत. टेक्सास ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ डॅलसचे हौशी लोक यासाठीच उत्तरेला ओक्लाहोमात अटोकाजवळ काळोखात जातात. ज्यांना जमतं ते गाडीने सात-आठ तास पश्चिमेला, फोर्ट डेव्हिसजवळच्या मॅकडोनल्ड वेधशाळेपर्यंत जाऊन येतात. तिथून परतलेल्या वाचकाला पुस्तकातलं दीर्घिकांचं प्रकरण पुन्हा वाचावंसं वाटतं. माझ्या मते हीच त्या प्रकरणाची खरी परीक्षा.

मुलांचं मत वेगळं. इथल्या मुलांना मराठी बोलता येतं, पण तीनशे पानं देवनागरी वाचायची म्हटलं की ती थकतात. त्यांच्या हाती दिलं जातं एच. ए. रे यांचं १९५२ चं ‘द स्टार्स’. ‘क्युरियस जॉर्ज’ची चित्रं काढणारा हाच माणूस. त्याने तारकासमूहांच्या रेषा अशा जोडल्या की सिंह सिंहासारखा दिसतो, आणि नकाशे अमेरिकेच्या अक्षांशांचे. मुलं त्यावर खूष असतात. पण मघा कोणत्या, रोहिणी कोणती, मृगाच्या पोटातला बाण कुठे, हे त्यात नाही. ते आई-बाबांनी मराठी पुस्तकातून वाचून दाखवायचं. दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवून बसणारी घरं सर्वांत पुढे गेली, असं माझं निरीक्षण आहे.

८ एप्रिल २०२४ हा या सगळ्या चर्चेतला मोठा दिवस. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा फ्रिस्कोवरून गेला. सकाळी ढग होते, दुपारी आकाश बरंच मोकळं झालं आणि पावणेदोनच्या सुमाराला सुमारे तीन मिनिटं अंधार उतरला. प्रभामंडल दिसलं, सूर्याच्या खालच्या कडेला गुलाबी ज्वाळेचा ठिपका दिसला, एका बाजूला शुक्र आणि दुसऱ्या बाजूला गुरू. भारतातून आलेले आजी-आजोबा त्या दिवशी अंगणात होते. फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात याच पिढीने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, मुंबई-पुण्याचे रस्ते ओस पडले होते. चव्वेचाळीस वर्षांत हा फरक पडला. त्यात अनेकांचा वाटा आहे, पण मराठी घरांपुरतं बोलायचं तर नारळीकर, मोहन आपटे, ज्योतिर्विद्या परिसंस्था, खगोल मंडळ यांचं काम विसरता येणार नाही. नारळीकरांनी तर २००८ साली नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणीच घेतली. २७ ज्योतिषी सहभागी झाले आणि सरासरी यश ४६ टक्के निघालं, नाणं उडवून मिळेल त्याहून कमी. हे ऐकून काही ज्येष्ठ वाचक नाराज झाले. त्यांनी पुस्तक मात्र खाली ठेवलं नाही, याचा मला आदर वाटतो.

अलीकडचं मत असं की पुस्तक जुनं झालं. ज्यांच्याकडे पहिल्या काळातली आवृत्ती आहे त्यांचं म्हणणं खरं आहे. प्लूटो २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला, गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये पकडल्या गेल्या, कृष्णविवराची पहिली प्रतिमा २०१९ मध्ये आली. महास्फोटाच्या सिद्धान्तावर नारळीकरांचा विश्वास नव्हता, फ्रेड हॉइलसोबत त्यांनी वेगळी मांडणी केली. ती बाजू आज अल्पमतात आहे, हे नव्या वाचकाला कुणीतरी सांगायला हवं. पण पुरावा कसा तोलायचा हे शिकवणारी पानं जुनी होत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मी हे पुस्तक पहिल्या क्रमांकावरच ठेवीन.

फ्रिस्कोचं सार्वजनिक ग्रंथालय २०२३ पासून ज्या इमारतीत आहे, ती बील एअरोस्पेस या खासगी रॉकेट कंपनीची. कंपनी २००० साली बंद पडली. अवकाशाशी असं नातं सांगणाऱ्या त्या इमारतीत दर शनिवारी मराठी मुलांची गर्दी पाहतो तेव्हा इथल्या आकाशाच्या मराठी नकाशाची उणीव सलते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असं जोडनाव दिलं. तेव्हा मराठी वाचक महाराष्ट्रात होता. आता तो फ्रिस्कोत ३३ अंशांवर, न्यू जर्सीत ४० अंशांवर आणि लंडनमध्ये ५१ अंशांवर आहे.

प्रकाशकांना आणि इथल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘आकाशाशी जडले नाते’सोबत ठेवता येईल असा उत्तर अक्षांशांचा, मराठी नावांचा बारा महिन्यांचा नकाशा छापा. काय दिसणार नाही तेही त्यात लिहा, आणि वेळ स्थानिक घड्याळाची द्या.