सर्व्हर डाऊन झाला, मग आपले पैसे कुठे गेले?

गटाचा हप्ता भरायला आपण बँकेत जातो आणि खिडकीतून उत्तर येतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मजुरी बुडते ती बुडतेच, वर परतताना जिवाला घोर लागतो : आपले पैसे तर गेले नाहीत ना?

सर्व्हर म्हणजे दूर ठेवलेला मोठा संगणक. त्यातली डेटाबेस नावाची यंत्रणा सगळ्यांची खाती सांभाळते. तो बंद पडायला वीज, तुटलेली केबल अशी साधी कारणंही असतात. पण कधी यंत्रणेतच कच्चा दुवा राहून जातो.

अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'एसक्यूएल सर्व्हर' या डेटाबेसमध्ये असाच दोष होता. आपल्या रजिस्टरात रकान्यापेक्षा मोठं नाव लिहिलं की ते शेजारच्या रकान्यात घुसतं ना, तसंच. ठरल्यापेक्षा लांब संदेश आला की तो आतल्या जागेत घुसे आणि संगणकाचा ताबा घेई. कंपनीने जुलै २००२ मध्येच दुरुस्ती दिली होती, पण अनेकांनी ती बसवलीच नाही.

२५ जानेवारी २००३ ला 'स्लॅमर' नावाचा किडा त्याच फटीतून शिरला. दहा मिनिटांत जगभरातले बहुतेक कच्चे सर्व्हर त्याने गाठले. प्रत्येक सर्व्हर पुढे संदेशांचा मारा करू लागला आणि वाटाच तुंबल्या. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम अडली. सिॲटलजवळ पोलीस आणि अग्निशमन दलाचे निरोप कित्येक तास कागद-पेन्सिलीने लिहून घ्यावे लागले.

पण या किड्याने खात्यातला पैसा चोरला नाही, नोंदी पुसल्या नाहीत. कपाट शाबूत होतं, फक्त दार उघडत नव्हतं.

यातून आपण काय घ्यायचं? हप्ता शेवटच्या तारखेवर ठेवू नका, दोन दिवस आधी भरा. पावती जपा, पासबुक भरून घ्या. गटाचं रजिस्टर मोबाईलवर आलं तरी वही बंद करू नका. आणि फोन 'अपडेट करा' म्हणाला तर, "बघू नंतर" म्हणू नका. फोनच्या सेटिंगमधूनच करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

पुढच्या बैठकीत सगळ्याजणी आपापलं पासबुक घेऊन या. वहीशी ताळा करून बघू.