गोपालपूर ते भितरकनिका: कॅम्परव्हॅन, कासवं आणि रात्रीचा मुक्काम

"गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा आणि समुद्राच्या कडेकडेनं जायचं, तर भारतात कुठं जावं?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. कोकण आणि गोवा ही उत्तरं तुम्हाला माझ्याशिवायही ठाऊक आहेत. माझं उत्तर ओडिशा. दक्षिणेला गोपालपूरपासून निघायचं, ऋषिकुल्येचं मुख, चिलिका, पुरी, कोणार्क असं करत उत्तरेला भितरकनिकापर्यंत पोहोचायचं. मी आणि पत्नी फेब्रुवारीच्या शेवटी या रस्त्यानं गेलो. गाडी भाड्याची होती, टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि स्वतंत्र बॅटरी.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडे कॅम्परव्हॅनसाठी खास तळ फारसे नाहीत. त्यामुळे मुक्काम करायचा तो ओडिशा पर्यटनाच्या पांथनिवासाच्या आवारात, एखाद्या मोठ्या पेट्रोल पंपावर, नाहीतर कुणाच्या अंगणात, आणि तोही विचारून. पिण्याचं पाणी रोज सकाळी भरा. सांडपाणी कुठं सोडायचं हे आधीच ठरवा. खाडीत किंवा वाळूत मुळीच नाही. आणि अंधार पडायच्या तासभर आधी थांबा. फौजेत मुक्कामाची जागा उजेडी पाहून ठेवायची असते. ती शिस्त इथं गावोगावी कामाला येते.

आता कासवांकडे येऊ, कारण या प्रवासाचा कणा तोच आहे. गोपालपूरहून छत्रपूर ओलांडलं की केवड्याची बनं लागतात. गंजामचा केवडा अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. मग हुम्याची मिठागरं येतात आणि पुढं ऋषिकुल्या नदीचं मुख. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं हजारोंच्या संख्येनं एकदम अंडी घालायला येतात. त्याला शास्त्रज्ञ 'अरिबाडा' म्हणतात. या जागेची नोंद शास्त्रानं 1994 मध्ये घेतली. गावकऱ्यांना ती अर्थातच आधीपासून माहीत होती. 2023 आणि 2025 या वर्षांत इथं 6 लाखांहून जास्त माद्यांची नोंद झाली. 2024 मध्ये मात्र असा सामूहिक मेळा झालाच नाही. त्यामुळे तारखा ठरवून, सुट्ट्या काढून गेलात तर कासवं भेटतीलच असं नाही. किनारा मात्र असतोच.

दिसतं काय, तर रात्री लाटेबरोबर एक काळा दगड वर येतो आणि चालू लागतो. साधारण 40 किलोची मादी असते. कोरड्या वाळूत ती मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू ओढते आणि सगळं अंग आपटून ती दाबून बसवते. तो धप् धप् आवाज दोरीच्या अलीकडे उभं राहूनही ऐकू येतो. तासाभरात ती परत पाण्यात. पुढं साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. अंड्यात जीव पडताना लिंग ठरतं ते वाळूच्या तापमानावर.

कॅम्परव्हॅनवाल्यांनी लक्ष द्यायचं ते इथं. पिल्लू वाळूतून बाहेर येतं आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतं. लाखो वर्षं ती उजळ बाजू म्हणजे समुद्र होती, कारण जमिनीकडे झाडांची काळी भिंत असायची. आता जमिनीकडे कारखाने, रस्ते, ढाबे आहेत. पिल्लं उलट दिशेनं जातात आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतात, किंवा सकाळच्या उन्हात सुकून मरतात. अंडी घालायला येणारी मादीसुद्धा उजेड पाहून परत फिरते. तेव्हा सुरूच्या बनाआड गाडी लावून, दिव्यांची माळ सोडून, समुद्राकडे तोंड करून जेवण, हे चित्र फोटोत कितीही छान दिसलं तरी फेब्रुवारी ते मे इथं नको. गाडी गावातच ठेवा. आम्ही खिडक्यांना आतून काळं कापड लावलं होतं आणि किनाऱ्यावर चालत गेलो. टॉर्चवर लाल कागद, कारण लाल उजेड कासवांना कमी जाणवतो. मोबाइल खिशात. वनखात्याचा माणूस आणि गावची पोरं जिथं थांबा म्हणतील तिथं थांबायचं. 'मी कोण आहे माहीत आहे का' हे वाक्य तिथं काढणारे पर्यटक मी पाहिले. सगळ्यात जास्त चीड मला त्यांची आली.

दुसरा धोका समुद्रात आहे. कासव हवेत श्वास घेतं. ट्रॉलरच्या जाळ्यात खोल अडकून राहिलं तर ते बुडून मरतं. म्हणून धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या तीन मुखांसमोर 20 किलोमीटरपर्यंत 1 नोव्हेंबर ते 31 मे मासेमारीला बंदी असते. बंदीचा भार छोट्या होडीवाल्यालाही सोसावा लागतो, हेही तिथं उभं राहिलं की समजतं. भरपाईवरून त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. ते कासवांचे वैरी नाहीत. आपल्या महाराष्ट्राशी याचा धागा असा: ओडिशात 2021 मध्ये बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे वेळासला जपलेली आणि ऋषिकुल्येला जपलेली कासवं एकाच कुळाची असू शकतात.

पुढं पालूरवरून जान्हिकुडाला जा आणि गाडीसकट तराफ्यानं चिलिका ओलांडून साताप़ड्याला उतरा. मोठी गाडी असेल तर लांबी आणि वजन आधी सांगा. चिलिका पावसाळ्यात 1,100 चौरस किलोमीटरांच्या पुढे पसरतं. 1990 च्या सुमारास त्याचं समुद्राकडचं तोंड गाळानं आखडलं होतं, खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. सप्टेंबर 2000 मध्ये नवं मुख खोदलं आणि सरोवर सावरलं. धोक्यातल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीतून ते 2002 मध्ये बाहेर आलं. साताप़ड्याजवळ इरावडी डॉल्फिन दिसतात. त्यांना चोच नसते, डोकं गोल, आणि संख्या दीडशेच्या आसपास. उड्या वगैरे ते फारशा मारत नाहीत. राखाडी पाठ क्षणभर वर येते, फुस्स आवाज होतो, संपलं. होडीवाल्याला सांगा, पाठलाग नको, इंजिन बंद कर आणि थांब. पंख्याच्या पात्यांनी डॉल्फिन जखमी होतात. आम्ही थांबलो तेव्हाच तो आवाज ऐकला.

पुरी-कोणार्क हा 35 किलोमीटरांचा रस्ता सुंदर आहे, पण गर्दीचा. बालुखंड अभयारण्यातून जातो. चितळ रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा.

शेवटचा टप्पा भितरकनिका. इथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 1975 मध्ये त्यांच्यासाठी प्रकल्प सुरू झाला तेव्हा शंभराच्या आत होत्या, आता 1,700 च्या वर आहेत. यशाचा हिशेब गावकरी वेगळा मांडतात: नदीत आंघोळ, गुरांचं पाणी, सगळ्यालाच धोका. म्हणून घाटांना कुंपणं घातली आहेत. इथं गाडी खाडीच्या काठावर लावायचीच नाही. भांडी धुवायलाही पाण्याच्या कडेला बसू नका. 1 मे ते 31 जुलै मगरींच्या विणीसाठी उद्यान बंद असतं, तेव्हा तारखा तपासून निघा. आम्ही दांगमाळच्या वाटेवर एका शाळेसमोर गुरुजींना विचारून थांबलो. त्यांनी विहीर दाखवली आणि रात्री पोखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, तळलेल्या मासळीसोबत पाठवला.