आंत्रसूक्ष्मजीव, प्रतिरक्षा व मधुमेह

आंत्रसूक्ष्मजीव, प्रतिरक्षा व मधुमेह : आतड्यात कायम वस्ती करणारे सूक्ष्मजीव, त्यांच्यावर अहोरात्र लक्ष ठेवणारी शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा आणि मधुमेह यांचा परस्परसंबंध. मधुमेह हा फार काळ केवळ अग्निपिंडाचा व त्यात तयार होणाऱ्या इन्शुलीन या हॉर्मोनाचा विकार समजला जाई. पहिल्या प्रकारचा मधुमेह आत्मप्रतिरक्षेमुळे, म्हणजे प्रतिरक्षा यंत्रणेने स्वतःच्याच शरीरातील घटकांवर हल्ला केल्यामुळे उद्भवतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. २००० नंतर आंत्रसूक्ष्मजीवांचाही दोन्ही मुख्य प्रकारांशी संबंध असल्याचा पुरावा जमू लागला. हा संबंध कितपत कारणाचा आणि कितपत परिणामाचा, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

आंत्रभित्ती : प्रौढ माणसाच्या शरीरातील जंतूंची संख्या सु. ३८ लाख कोटी व त्यांचे एकूण वजन सु. २०० ग्रॅ. असावे, असा अंदाज २०१६ मध्ये करण्यात आला. शरीराच्या कोशिकांपेक्षा जंतू दहापटींनी अधिक असतात, हे वारंवार केले जाणारे विधान त्यामुळे मागे पडले. दोन्ही संख्या साधारण सारख्याच आहेत. तरीही एवढा परका समुदाय शरीर निमूटपणे सहन करते, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. आतड्याचे अस्तर कोशिकांच्या एकाच थराचे असते आणि शेजारशेजारच्या कोशिका घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. मोठ्या आतड्यात त्यावर श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जंतू राहतात, तर आतला दाट थर जवळजवळ निर्जंतुक असतो. अस्तराखालच्या कोशिकांनी तयार केलेली ‘ए’ वर्गाची प्रतिपिंडे आतड्याच्या पोकळीत स्रवतात व जंतूंना दूर ठेवतात. याशिवाय लसीका कोशिकांपैकी ‘नियामक टी कोशिका’ नावाचा एक गट इतर कोशिकांचा प्रक्षोभ आवरून धरतो.

ही शांतता एकतर्फी नसते. कोंडा, डाळींची टरफले, भाज्यांतील चोथा इ. पदार्थांतील तंतू मानवी एंझाइमांना पचविता येत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू ते किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) फोडून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघुशृंखला वसाम्ले तयार करतात. ब्युटिरिक अम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन होय. ते नियामक टी कोशिकांच्या निर्मितीस चालना देते, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे जंतूंना मिळणारा चोथा कमी झाला, तर अस्तराचे पोषण व प्रतिरक्षेचा संयम या दोहोंवर परिणाम होतो.

पहिल्या प्रकारचा मधुमेह : या प्रकारात टी कोशिका अग्निपिंडातील लँगरहान्स द्वीपकांमधील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या बीटा कोशिकांचा नाश करतात. जपानमध्ये तयार झालेला व १९८० मध्ये वर्णिलेला ‘नॉड’ उंदीर स्थूल नसतानाही आपोआप असाच मधुमेही होतो. त्यामुळे तो या विकाराच्या अभ्यासाचे प्रमुख साधन बनला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतूंची चाहूल घेणाऱ्या ग्राहींचा संदेश पुढे पोहोचविणारे प्रथिन या उंदरांतून काढून टाकले, तेव्हा त्यांना मधुमेह झाला नाही. परंतु त्याच उंदरांना जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविले, तेव्हा मात्र मधुमेह झाला. निर्जंतुक उंदरांच्या आतड्यात ठराविक नेहमीचे जंतू सोडल्यावर तो पुन्हा कमी झाला. संरक्षण जनुकबदलाने एकट्याने नव्हे, तर त्या बदलाच्या जोडीने आंत्रजंतूंनी दिले होते. अग्निपिंडाजवळील लसीका ग्रंथींत आतड्यातूनही द्रव्ये येतात. त्यामुळे आतड्यातील घडामोडींचा ठसा बीटा कोशिकांवर रोख धरणाऱ्या टी कोशिकांवर उमटू शकतो.

माणसांतील पुरावा यापेक्षा दुबळा, पण विचार करायला लावणारा आहे. फिनलंडमध्ये लहान मुलांतील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. सीमेपलीकडच्या रशियन कारेलियात ते सु. सहापटींनी कमी आढळले. दोन्हीकडील लोकांची आनुवंशिक घडण बरीच मिळतीजुळती आहे, राहणीमान मात्र फार वेगळे. दोन्ही ठिकाणच्या व एस्टोनियातील अर्भकांच्या विष्ठेचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंड व एस्टोनियातील बालकांत बॅक्टिरॉइड्स वंशाचे जंतू विपुल होते. काही जंतूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकॅराइड हा वसा व बहुशर्करा यांचा रेणू असतो. त्याला अंतर्विष असेही म्हणतात. बॅक्टिरॉइड्सचे अंतर्विष प्रतिरक्षेला जवळजवळ जागे करीत नाही. रशियन बालकांत एश्चेरिकिया कोलाय जंतूचे अंतर्विष अधिक होते व ते तीव्र उत्तेजक आहे. ते नॉड उंदरांना टोचल्यावर त्यांचा मधुमेह लांबला. बॅक्टिरॉइड्सच्या अंतर्विषाने तसे झाले नाही. आयुष्याच्या आरंभी प्रतिरक्षेला पुरेशी चेतना मिळाली नाही, तर तिला सहिष्णुतेचे शिक्षण मिळत नाही, असा अर्थ यातून काढतात. या आकर्षक तर्काचा कणा तीन प्रदेशांतील तुलना हाच आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. अमेरिका, फिनलंड, जर्मनी व स्वीडन येथील ७८३ बालकांच्या १०,९१३ नमुन्यांवरून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष अधिक संयमी आहे : पुढे विकार झालेल्या मुलांत लघुशृंखला वसाम्ले तयार करणारी जंतुजनुके कमी होती, पण कोणताही एक जंतू दोषी ठरला नाही.

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह : येथे बीटा कोशिकांवर थेट हल्ला नसतो, स्नायू, यकृत व वसा ऊतक इन्शुलिनाला दाद देईनासे होतात. स्थूल प्राण्यांच्या वसा ऊतकात शोथकारक (दाह उत्पन्न करणारे) प्रथिन तयार होते व ते इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा आणते, हे गोखान होतामिश्लिगिल व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले. हा मंद शोथ सुरू कशाने होतो, याचे एक उत्तर पात्रीस कानी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिले. चार आठवडे भरपूर वसायुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात अंतर्विषाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले. साधा आहार घेणाऱ्या उंदरांना तेवढेच अंतर्विष चार आठवडे सतत दिल्यावर त्यांचे वजन व रक्तातील ग्लुकोज वसायुक्त आहार घेणाऱ्यांइतकेच वाढले; अंतर्विष ओळखणारा ग्राही नसलेले उंदीर बरेचसे वाचले. अर्भकावस्थेत चेतना देऊन उपकारक ठरणारा रेणू प्रौढ रक्तप्रवाहात अल्पमात्रेत पण अखंड वाहू लागला की अपाय करतो. एखादा जंतू ‘चांगला’ वा ‘वाईट’ अशी जी विभागणी लोकप्रिय लेखनात आढळते, तिला यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

चीनमधील ३४५ व्यक्तींच्या २०१२ मधील अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यांत ब्युटिरिक अम्ल तयार करणारे जंतू कमी आढळले. पुण्यातील संशोधकांनी २०१७ मध्ये भारतीय मधुमेह्यांत जंतूंखेरीज आर्किया व दृश्यकेंद्रकी सूक्ष्मजीवांतही फरक असल्याचे नोंदविले. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही हा विकार होत असल्याने अशा स्थानिक अभ्यासांना विशेष महत्त्व आहे.

कारण की परिणाम : २०१५ मध्ये या निष्कर्षांना एक धक्का बसला. डेन्मार्क, स्वीडन व चीन येथील माहिती एकत्र तपासता मधुमेहाची म्हणून सांगितली गेलेली अनेक लक्षणे प्रत्यक्षात मेटफॉर्मिन या औषधाची असल्याचे दिसले. ते न घेणाऱ्या रुग्णांत ब्युटिरिक अम्ल तयार करणाऱ्या जंतूंची घट तेवढी शिल्लक राहिली. २०१७ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांची विष्ठा निर्जंतुक उंदरांत सोडल्यावर त्यांची ग्लुकोज-सह्यता सुधारली. या औषधाचा काही गुण आतड्यातूनच येत असावा. उलट दिशेचा पुरावाही आहे. रक्तातील वाढलेले ग्लुकोजच अस्तराचे सांधे सैल करते, असे २०१८ मध्ये उंदरांत आढळले. म्हणजे गळक्या आतड्यामुळे मधुमेह आणि मधुमेहामुळे गळके आतडे असे दुष्टचक्र संभवते.

उपचार : नेदर्लंड्समध्ये चयापचयाचे विकार असलेल्या स्थूल पुरुषांना सडपातळ दात्यांच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव दिल्यावर सहा आठवड्यांनी त्यांची इन्शुलीन-संवेदनशीलता वाढली (२०१२), पुढील अभ्यासात १८ आठवड्यांनी हा लाभ उरला नव्हता (२०१७). तेथेच पहिल्या प्रकारचा मधुमेह नुकताच जडलेल्यांवर केलेल्या प्रयोगाचे फळ अनपेक्षित होते : परक्या दात्यापेक्षा स्वतःचीच विष्ठा परत दिलेल्यांत बीटा कोशिकांचे उरलेले कार्य अधिक काळ टिकले (२०२०). याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळालेले नाही. प्रतिरक्षेच्या बाजूने मात्र निश्चित पाऊल पडले आहे. टी कोशिकांवर कार्य करणारे टेप्लिझुमॅब हे प्रतिपिंड विकाराचे प्रकटीकरण लांबविते; त्याला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. जंतुयुक्त चूर्णे व गोळ्या मधुमेहावर म्हणून विकल्या जातात. त्यांपैकी कोणतीही इन्शुलिनाची जागा घेऊ शकत नाही आणि पहिल्या प्रकारच्या रुग्णाने त्यांच्या भरवशावर इन्शुलीन थांबविणे प्राणघातक ठरते. तंतूंविषयी अधिक ठोस पुरावा चीनमधून आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना अकार्बोज हे औषध चालू होते. एका गटाला शिवाय अखंड धान्ये व तंतूंनी समृद्ध असा आहार देण्यात आला. त्या गटात लघुशृंखला वसाम्ले तयार करणाऱ्या जंतूंचा एक विशिष्ट समूह वाढला आणि १२ आठवड्यांत रक्तशर्करेवरील नियंत्रण दुसऱ्या गटापेक्षा सरस झाले.