तिसऱ्या-शिनाणे विकत घेताना पुरवठादाराला विचारायचे चार प्रश्न

घरगुती खाणावळ, मालवणी थाळी किंवा होमस्टे चालवत असाल, तर आजचा विषय तुमच्या कामाचा आहे. तिसऱ्यांच्या सुक्क्यावर तुमचं गिऱ्हाईक टिकून असेल, तर त्या खाडीत पुढच्या वर्षीही तिसऱ्या मिळायला हव्यात. म्हणून माल घेताना भावाच्या आधी हे चार प्रश्न विचारा.

१. कुठल्या खाडीतला? तिसऱ्या, कालवं, शिनाणे पाणी गाळून आपलं अन्न मिळवतात. त्या पाण्यात सांडपाणी असेल तर घाण त्यांच्या अंगात साठते. गटाराच्या तोंडाजवळचा माल स्वस्त मिळाला तरी नको.

२. केवढा आहे? बारीक तिसरी म्हणजे अजून अंडी न घातलेली तिसरी. ती काढली की पुढची पिढीच थांबते. शिवाय हिशोबातही मार बसतो. समजा, 200 रुपयांच्या वाट्यातून बारीक मालात 100 ग्रॅम मांस निघालं आणि मोठ्या मालात 160 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम मांस पहिल्यात 200 रुपयांना पडलं, दुसऱ्यात 125 रुपयांना. एकदा स्वतः उकडून, वजन करून बघाच.

३. कधी आणि कसा काढला? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ओहोटीला हाताने तिसऱ्या काढणाऱ्यांना मात्र ही बंदी आडवी येत नाही. तिथे काढणाऱ्यांनी आणि आपण घेणाऱ्यांनीच शिस्त पाळायची. शिस्तीने काय होतं, ते केरळच्या अष्टमुडी तलावात दिसतं. 1990 च्या दशकात तिथे तिसऱ्यांचं उत्पादन घटलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे प्रजननाच्या काळात, काढणी बंद ठेवली आणि जाळ्याचा आस किमान 30 मिलीमीटर ठरवला. साठा सावरला. 2014 मध्ये या मासेमारीला एमएससी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातली ती पहिलीच!

४. शेतीतला मिळेल का? दोरीवर किंवा तराफ्यावर वाढवलेल्या शिनाण्यांना बाहेरून खाद्य लागत नाही. खडकावरचे खरवडून काढावे लागत नाहीत. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी अशी शेती केली आहे. अशा गटाशी आधीच बोलून ठेवलंत, तर माल कधी आणि किती मिळेल ते कळतं. फक्त पाण्याचा प्रश्न इथेही विचारायचाच.

माल हातात आला की शिंपला मिटलेला हवा. उघडा असेल तर टिचकी मारा. मिटला नाही तर बाजूला काढा. शिजवूनही न उघडलेला टाकून द्या.

आता या आठवड्याचा गृहपाठ: मेनूकार्डावर तिसऱ्यांपुढे "उपलब्धतेनुसार" एवढंच लिहा. चांगला माल नसेल त्या दिवशी "आज नाही" म्हणायची सोय होते. आणि "आज का नाही?" असं गिऱ्हाइकाने विचारलं, तर खरं कारण सांगा. विश्वास तिथेच बसतो.