शर्यत घड्याळाशी!

दोस्तांनो, मोटारींची शर्यत म्हटली की डोळ्यांसमोर येते सुसाट पळणारी, लाखो रुपयांची गाडी. पण घरच्या साध्या मोटारीतूनही उतरता येईल अशी एक स्पर्धा आहे : 'टी.एस.डी. रॅली'. टाइम, स्पीड, डिस्टन्स. म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. तुमच्या गणिताच्या पुस्तकातलंच की!

इथे सर्वांत आधी पोचणारा जिंकत नाही. अगदी वेळेवर पोचणारा जिंकतो. समजा, ताशी ३६ कि.मी. हा सरासरी वेग ठरवून दिलाय. म्हणजे एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद. तपासणी-नाका १२व्या किलोमीटरला लागला, तर तिथे २० मिनिटांनी हजर हवं. उशीर झाला तर दंडाचे गुण. लवकर पोचलात तरी दंड! शिवाय नाका कुठे आहे, हे बहुधा आधी सांगतच नाहीत.

म्हणून चालकाशेजारचा नॅव्हिगेटर महत्त्वाचा. वळणांच्या खुणांचं 'रोड बुक' वाचायचं, हिशेब करायचा आणि "जरा हळू!" म्हणून सांगायचं. त्याला लागतं काय? घड्याळ, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर.

मोटार चालवण्याचा परवाना मात्र १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच. तोवर आईबाबांबरोबर प्रवासात या हिशेबाचा सराव करा. पुढे नाव नोंदवताना त्या स्पर्धेला एफ.एम.एस.सी.आय. या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे ना, हे पालकांनी जरूर पाहावं.

बरं, सांगा पाहू : ताशी ३० कि.मी. वेगानं ७ कि.मी. जायला किती मिनिटं? १४ म्हणालात? शाब्बास! नॅव्हिगेटरची पहिली परीक्षा पास!