खताच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली



पाऊस झाला, पिकाला युरिया द्यायची वेळ आली. दुकानात गेलात, तर दुकानदार म्हणतो, "गोणी मिळेल, पण ही बाटलीही घ्यावी लागेल." बाटली कधी द्रवरूप खताची, कधी टॉनिकची. तुम्हांला ती नको असते, पण पीक काही थांबत नाही. पदरचे पैसे मोजता आणि घरी येऊन कंपनीच्या नावानं बोटं मोडता. यालाच बाजारात 'लिंकिंग' म्हणतात.

असं का होतं? युरियाचा दर सरकार ठरवतं. ४५ किलोच्या गोणीवर छापलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. म्हणून ज्या मालात नफा जास्त, तो गोणीबरोबर खपवला जातो. दुकानदार म्हणतो, "वरूनच असा माल येतो, मी काय करू?" शेवटी ओझं तुमच्याच डोक्यावर!

तुमचा राग रास्त आहे. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी सक्ती करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मान्य नाही. शेतकरीसुद्धा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली बियाण्यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मग करायचं काय?

१. पावती घ्याच. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे खताची पावती देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. बाटलीचीही पावती मागा.

२. दुकानातला साठा व दराचा फलक वाचा. बाटली न फोडता जपून ठेवा.

३. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

४. दाद मिळाली नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील दिलाच पाहिजे, असंही नाही.

एकट्यादुकट्याला दुकानदार "माल संपला" म्हणून वाटेला लावील. गावातल्या दहा जणांनी मिळून अर्ज दिला, तर तसं म्हणणं त्याला जड जाईल. पारावर बसून दिलेल्या शिव्या वाऱ्यावर जातात, सहीनिशी दिलेल्या अर्जाला मात्र उत्तर मागता येतं. तेव्हा यंदा खताला जाताना आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोला, आणि पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.