गावच्या हवेतील ओझोन येतो कोठून?

'शहर सोडले की हवा शुद्ध' हा समज आपल्या मनात इतका रुजला आहे की, घरातील दमेकऱ्याला आपण मे महिन्यात निःशंकपणे गावी धाडतो. धूळ व धूर यांपुरता हा समज बहुतांशी खरा आहे. ओझोन वायूच्या बाबतीत मात्र तो फसवा आहे. पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या भोर तालुक्यातील भोंगवलीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून आम्ही त्याची कारणमीमांसा येथे करीत आहोत.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. भूपृष्ठापासून साधारणतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरील ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणे अडवतो. त्याच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. तोच वायू आपल्या नाकाशी आला की श्वासनलिकेच्या आतील अस्तराला इजा करतो. रेणू एकच, जागा वेगळी.

जमिनीलगतचा हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. वाहनांच्या इंजिनांतून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. कडक उन्हात नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतील ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड खरे तर हा ओझोन पुन्हा खाऊन टाकतो व हिशेब मिटतो. परंतु पेट्रोल, रंग, थिनर यांच्या आणि जळणाऱ्या काडीकचऱ्याच्या वाफा हवेत असल्या की त्या मध्ये पडतात, आणि ओझोन साचू लागतो. झाडेही अशा काही वाफा सोडतात. पण म्हणून दोष झाडांना देता येत नाही, कारण इंजिनांच्या धुराशिवाय त्या वाफा फारसे काही करू शकत नाहीत.

आता शहर आणि गाव यांतील फरक पाहू. भर चौकात ताजा नायट्रिक ऑक्साइड सतत ओतला जात असल्याने तेथील ओझोन काही अंशी तिथल्या तिथेच नष्ट होतो. वारा ही हवा शहराबाहेर नेतो तेव्हा वाटेत ऊन आपले काम करीत राहते, ओझोन वाढत जातो, आणि त्याला खाणारा नायट्रिक ऑक्साइड गावात थोडाच असतो. म्हणून गावात तो रात्रीही रेंगाळतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले असताना देशातील काही शहरांत ओझोन वाढलेला आढळला, त्याचेही इंगित हेच.

भोर तालुक्यातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. उत्तरेचा वारा असेल तेव्हा पुण्याची हवाही इकडेच येते. त्यात भर आपल्या हातची: भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागात भाताच्या रोपांसाठी केली जाणारी राबभाजणी, उन्हाळ्यातील वणवे, आणि गावाबाहेर पेटवलेला प्लास्टिकचा ढीग. हे सारे ऐन मार्च ते मे या काळात, म्हणजे ऊन सर्वांत कडक असताना घडते. पावसाळी ढग आले की ओझोन उतरतो.

नुकसान केवळ फुप्फुसांचे नाही. पानांच्या छिद्रांतून ओझोन आत शिरतो आणि पिकाची वाढ खुंटवतो. गहू व सोयाबीन त्याला विशेष बळी पडतात. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००५ या एका वर्षात देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ ओझोनमुळे बुडाला. आपल्या शेतकऱ्याला कीड दिसते, करपा दिसतो. हा चोर दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करीत नाही.

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार ओझोनची आठ तासांची सरासरी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. दुपारी साधारण दोन ते चार या वेळात तो सर्वाधिक असतो. तेव्हा सुटीतील मुलांचे खेळ व शिबिरातील श्रमदान सकाळी उरकावे, दमेकऱ्यांनी त्या वेळी घरातच थांबावे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवील, हा वायू नव्हे.